नर, मादी आणि जोडी : शिस्टोसोमा मॅन्सोनीच्या वाढीत लिंगानुसार बदलणारी जनुक-अभिव्यक्ती कशी तपासायची

शिस्टोसोमा हा माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारा परजीवी कृमी. त्याच्या एकाच वयाच्या दोन माद्या काचेच्या बशीत शेजारी ठेवल्या, तर त्या एकाच जातीच्या आहेत यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. एक लांब, भरलेली, आतड्यात पचलेल्या रक्ताच्या रंगद्रव्यामुळे काळसर दिसणारी. दुसरी बारीक, आखूड, अंगात काहीच नसल्यासारखी. दोघी एकाच गोगलगायीतून निघालेल्या, म्हणजे डीएनए हुबेहूब सारखा असलेल्या असू शकतात. फरक इतकाच, की पहिलीला नर मिळाला आणि दुसरीला मिळाला नाही.

परजीवी कृमींमधल्या नर-मादी फरकांवर काम करायचं असेल तर मी नव्या विद्यार्थ्यांना याच कृमीपासून सुरुवात करायला सांगतो. डेटा मोफत उपलब्ध आहे, जनुकसंच चांगला जुळवलेला आहे आणि प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे. या कृमीमुळे होणाऱ्या शिस्टोसोमियासिस या आजारात माणसाला त्रास होतो तो मुख्यतः अंड्यांमुळे. मॅन्सोनीची मादी दिवसाला सुमारे ३०० अंडी घालते, त्यातली बरीचशी शरीराबाहेर न पडता यकृतात आणि आतड्याच्या भिंतीत अडकतात आणि तिथे गाठी धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये किमान २५ कोटी १४ लाख लोकांना प्रतिबंधक औषधाची गरज होती. मादी पक्व कशी होते हे कळणं म्हणजे आजाराचं मूळ कळणं.

हा लेख एमएस्सी किंवा पीएचडीच्या सुरुवातीला असलेल्यांसाठी आहे. आरएनए-सीक म्हणजे काय आणि आर भाषेत एखादी फाइल कशी उघडायची एवढं येत असेल तर पुरे.

आधी कृमी ओळखा

थिओडोर बिल्हार्झ यांनी १८५१ मध्ये कैरोत शवविच्छेदन करताना हे कृमी पाहिले आणि नराच्या अंगातल्या पन्हळीत मादी वसलेली असते हेही त्यांच्या लक्षात आलं. बहुतेक पर्णकृमी उभयलिंगी असतात, शिस्टोसोमात मात्र नर वेगळा, मादी वेगळी. लिंग ठरतं ते गुणसूत्रांवर, पण माणसासारखं नव्हे, कोंबडीसारखं: नर झेडझेड, मादी झेडडब्ल्यू. म्हणजे अंड्यातून बाहेर पडणाऱ्या मिरॅसिडियमचं लिंग आधीच ठरलेलं असतं. तो बायोम्फॅलेरिया जातीच्या गोगलगायीत शिरतो, तिथे त्याच्या हजारो नकला होतात आणि दुभंगलेल्या शेपटीचे सर्केरिया पाण्यात बाहेर पडतात. एका गोगलगायीत एकच मिरॅसिडियम शिरला असेल, तर तिच्यातून निघणारे सगळे सर्केरिया एकाच लिंगाचे. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढचा सगळा प्रयोग तिच्यावर उभा आहे.

सर्केरिया कातडीतून आत शिरतो, शेपटी टाकतो, फुप्फुसांमार्गे यकृताकडच्या शिरांत पोहोचतो. साधारण चौथ्या आठवड्यात जोड्या जमतात आणि पाचव्या आठवड्याच्या सुमारास अंडी पडू लागतात. सर्केरिया आणि शेपटी टाकल्यानंतरच्या कोवळ्या शिस्टोसोम्युला अवस्थेत नर-मादी डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. डब्ल्यू गुणसूत्रावर वारंवार येणाऱ्या क्रमांवर पीसीआर करूनच लिंग ठरवावं लागतं.

मादीचं वाढणं इथे संपत नाही. जोडी जमल्याशिवाय तिचं अंडाशय पिकत नाही आणि पीतक ग्रंथी (अंड्यात बीजपेशीभोवती असणाऱ्या पीतक पेशी बनवणारा अवयव) तयार होत नाहीत. नरापासून वेगळी काढली तर ती पुन्हा मागे जाते, परत नर दिला तर पुन्हा पिकते.

आपल्याकडेही अशा कृमींचा माग लागलेला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसाच्या लघवीत शिस्टोसोमाची अंडी सापडत असल्याचं गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये नोंदवलं होतं. गुरांमधले शिस्टोसोमा तर भारतभर आहेत आणि त्यांची गोगलगाय, इंडोप्लॅनॉर्बिस एक्सस्टस, भातखाचरांत आणि तळ्यांत सहज दिसते. भातलावणीनंतर पायांना जी खाज सुटते तिच्यामागे काही वेळा गुरांच्या याच कृमींचे सर्केरिया असतात.

पायरी १ : तक्ता काढा, मगच डेटा उतरवा

कागदावर आडव्या ओळीत अवस्था लिहा: सर्केरिया, शिस्टोसोम्युला, प्रौढ. उभ्या रकान्यात नर आणि मादी. मग प्रौढांच्या रकान्याचे दोन भाग करा: एकटे आणि जोडीतले. प्रौढांचे असे चार गट होतात: एकटा नर, जोडीतला नर, एकटी मादी, जोडीतली मादी.

बहुतेकांची चूक इथेच होते. जोडीतला नर आणि जोडीतली मादी घेतात, तुलना करतात, हजारो जनुकांची यादी निघते आणि सगळ्याला 'लिंगानुसार फरक' असं नाव देतात. त्या यादीत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. काही जनुकं वेगळी दिसतात कारण नराकडे झेड गुणसूत्राच्या दोन प्रती आहेत आणि मादीकडे एक. काही वेगळी दिसतात कारण नराला वृषण आहेत आणि मादीला अंडाशय व पीतक ग्रंथी, म्हणजे अवयवच वेगळे. आणि काही खरोखर जोडीदाराच्या स्पर्शाने चालू किंवा बंद होतात. यादीतल्या प्रत्येक जनुकासमोर 'गुणसूत्र', 'ऊती' किंवा 'जोडी' यांपैकी काय लिहायचं, हे ठरवण्यासाठीच बाकीच्या पायऱ्या आहेत.

पायरी २ : डेटा निवडताना नमुन्याची कहाणी वाचा

सुरुवातीला दोन अभ्यास पुरेत. जर्मनीतल्या गीसेनच्या गटाने २०१६ मध्ये वरचे चारही प्रौढ गट आणि शिवाय त्या कृमींमधून वेगळी काढलेली वृषणं व अंडाशयं यांचा डेटा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी फ्रान्समधल्या पेर्पिन्याँच्या गटाने एकलिंगी संसर्ग (यजमान प्राण्याला एकाच लिंगाचे सर्केरिया देऊन केलेला) वापरून सर्केरियापासून प्रौढापर्यंत पाच अवस्थांतले नर आणि मादी वेगवेगळे तपासले. पहिला अभ्यास जोडीचा परिणाम दाखवतो, दुसरा काळाचा. कच्च्या फाइली युरोपियन न्यूक्लिओटाइड अर्काइव्हमधून उतरवता येतात.

उतरवण्याआधी मूळ लेखातला पद्धतीचा भाग शब्दन्‌शब्द वाचा. लिंग कशावरून ठरवलं? एकटी मादी म्हणजे एकलिंगी संसर्गातली, की जोडीतून सोडवून काही दिवस वाढवलेली? या दोन फार वेगळ्या माद्या आहेत. प्रत्येक पुनरावृत्ती वेगळ्या यजमान प्राण्यातली आहे, की एकाच उंदरातल्या कृमींचे तीन वाटे केलेत? दुसरं असेल तर संगणकाला तीन नमुने दिसतील, पण प्रत्यक्षात तो एकच असेल. गटामागे किमान तीन खऱ्या पुनरावृत्ती नसतील तर मी तो डेटा मुख्य तुलनेसाठी वापरत नाही.

पायरी ३ : संदर्भ जनुकसंच

वर्मबेस पॅरासाइट या संकेतस्थळावरून शिस्टोसोमा मॅन्सोनीचा सध्याचा जनुकसंच आणि त्याबरोबरची जनुकांची नोंद-फाइल घ्या. दोन्ही एकाच आवृत्तीच्या हव्यात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला मसुदा तुकड्यातुकड्यांचा होता. आता सात कायिक (लिंगाशी संबंध नसलेली) गुणसूत्रं आणि झेड व डब्ल्यू वेगवेगळी जुळवलेली मिळतात, एकूण लांबी सुमारे ३९ कोटी बेस. जुन्या लेखांतले जनुक-क्रमांक नव्या आवृत्तीत बदललेले, जोडलेले किंवा गाळलेले असू शकतात, म्हणून तिथल्याच बायोमार्ट या शोध-साधनातून जुन्या-नव्या क्रमांकांची जुळणी करून घ्या.

डब्ल्यू वेगळा असण्याचा फायदा आहे तसा एक त्रासही आहे. झेड आणि डब्ल्यूवर काही जनुकांच्या मिळत्याजुळत्या प्रती आहेत. नराचे काही रीड (यंत्राने वाचलेले आरएनएचे छोटे तुकडे) चुकून डब्ल्यूवर जाऊन बसतात, काही दोन्हीकडे जुळतात म्हणून मोजणीतून गळतात. यावर उपाय म्हणजे नरांचे रीड जुळवताना डब्ल्यू झाकून ठेवायचा, म्हणजे त्या गुणसूत्राचा सगळा क्रम 'एन' अक्षरांनी भरायचा. माणसाच्या डेटात स्त्रियांच्या नमुन्यांसाठी वाय गुणसूत्र असंच झाकतात. तरीही जुळ्या प्रती असलेल्या जनुकांवर खूण करून ठेवा आणि त्यांच्याबद्दल मोठा दावा करू नका.

पायरी ४ : गुणवत्ता, जुळणी, मोजणी

इथे नेहमीचीच साधनं: गुणवत्तेसाठी फास्टक्यूसी आणि मल्टिक्यूसी, मग जुळणीसाठी स्टार किंवा हायसॅट टू, मग मोजणीसाठी फीचरकाउंट्स. स्वतःचा मोठा संगणक नसेल तर गॅलक्सीच्या मोफत सर्व्हरवर हे सगळं माऊसने करता येतं. तीन गोष्टी मात्र या कृमीपुरत्या खास आहेत.

स्टारचा निर्देशांक बांधताना त्याचं जनुकसंचाच्या लांबीवर ठरणारं मूल्य (genomeSAindexNbases) नेहमीच्या १४ ऐवजी १३ ठेवा, कारण हा जनुकसंच माणसाच्या तुलनेत लहान आहे. दुसरं, शिस्टोसोमाच्या काही आरएनएंच्या सुरुवातीला ३६ बेसचा एक बाहेरून जोडलेला तुकडा असतो. त्यामुळे काही रीडचं टोक जनुकसंचाशी जुळत नाही. स्टार ते टोक आपोआप सोडून देतो, पण 'पूर्ण रीड जुळलाच पाहिजे' अशी सक्ती चालू असेल तर हे रीड हकनाक जातील. तिसरं, न जुळलेल्या रीडकडे पाहा. प्रौढ कृमींत उंदराचं किंवा हॅमस्टरचं रक्त येतं, सर्केरियांत गोगलगायीचं काही ना काही येतं. एखाद्या नमुन्यात यजमानाचा वाटा इतरांपेक्षा खूपच जास्त असेल तर तो नमुना संशयित.

पायरी ५ : नमुना खरोखर नराचाच आहे का?

ही पायरी लोक गाळतात, म्हणून मी तिला स्वतंत्र जागा देतो.

जोडीतला नर वेगळा करताना मादीला त्याच्या पन्हळीतून ओढून काढावं लागतं. ती नाजूक असते, तुटते. तिच्या शेपटाकडचा दोन मिलिमीटरचा तुकडा पन्हळीत अडकून राहिला तरी डोळ्यांना कळत नाही. माझ्या पहिल्या विश्लेषणात जोडीतल्या नरांच्या तीन नमुन्यांपैकी एक इतर दोघांपासून फटकून उभा राहत होता. दोन दिवस मी प्रयोगाच्या तुकड्यांतले फरक शोधत बसलो. मग पी१४ हे एकच जनुक उघडून पाहिलं. हे अंड्याच्या कवचाचं प्रथिन बनवणारं जनुक, पक्व मादीच्या पीतक पेशींत धो धो चालू असतं. त्या एका नर-नमुन्यात ते इतर दोघांच्या कित्येक पट होतं. नमुना नराचा होताच, पण सोबत मादीचा तुकडा होता.

म्हणून प्रत्येक नमुन्यासाठी तीन आकडे काढा. डब्ल्यूवरच्या खास जनुकांचे रीड: नरात जवळपास शून्य हवेत. झेडवरच्या रीडचं कायिक गुणसूत्रांशी प्रमाण: नरात जास्त हवं. आणि कवच-जनुकांचे रीड, म्हणजे पी१४ आणि टायरोसिनेज: जोडीतल्या मादीत प्रचंड, बाकी तिन्ही गटांत नगण्य. मादीच्या नमुन्यात नराचा अंश ओळखणं अवघड जातं, तिथे वृषणात चालणारी जनुकं पाहावी लागतात. हे तीन आकडे एका तक्त्यात ठेवा आणि पुढे जाण्याआधी मार्गदर्शकांना दाखवा.

पायरी ६ : मोजमाप सारखं करताना होणारी मोठी फसगत

एका अंड्यात एक बीजपेशी आणि तिच्याभोवती ३० ते ४० पीतक पेशी असतात. दिवसाला ३०० अंडी म्हणजे मादीला रोज दहा हजारांच्या आसपास पीतक पेशी तयार कराव्या लागतात. एवढ्याशा कृमीला हे जमतं, कारण पक्व मादीच्या शरीराचा मोठा भाग पीतक ग्रंथींनीच भरलेला असतो. त्या पेशी मोजकीच जनुकं अफाट प्रमाणात चालवतात.

आता हिशेब बघा. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. दोन्ही माद्यांचे प्रत्येकी एक कोटी रीड आपण वाचले. एकट्या मादीत स्नायूच्या एका जनुकाला १,००० रीड मिळाले. जोडीतल्या मादीत स्नायूची पेशी तेवढीच कामं करते आहे, पण एकूण रीडपैकी ४० टक्के कवच-जनुकांनी खाल्ले. उरलेल्या ६० टक्क्यांत बाकी सगळ्यांची वाटणी, म्हणून त्याच स्नायू-जनुकाला ६०० मिळाले. टीपीएमच्या (एकूण रीडमधला जनुकाचा वाटा सांगणाऱ्या मापाच्या) आकड्यांवरून तुम्ही लिहाल, 'जोडी जमल्यावर स्नायूची जनुकं मंदावतात'. प्रत्यक्षात तसं काहीच घडलेलं नाही.

म्हणून गटागटांची तुलना टीपीएमवर करू नका. कच्ची मोजणी डीईसेक टू या आर भाषेतल्या साधनात घाला. ते नमुन्यांमधल्या गुणोत्तरांचा मध्यक घेऊन मोजमाप सारखं करतं, त्यामुळे मूठभर दांडग्या जनुकांनी ते डगमगत नाही. पण त्याचं एक गृहीतक आहे: बहुतांश जनुकं बदललेली नाहीत. पक्व मादी विरुद्ध नर या तुलनेत ते गृहीतक ताणलं जातं, कारण अख्खे अवयवच वेगळे आहेत. उपाय असा: कायिक गुणसूत्रांवरची आणि दोन्ही लिंगांच्या सामान्य ऊतींत चालणारी जनुकं निवडा आणि मोजमापाचे गुणक फक्त त्यांच्यावरून काढायला सांगा. डीईसेक टू मध्ये नियंत्रक जनुकं देण्याची सोय आहे. मग सरासरी अभिव्यक्ती विरुद्ध फरक असा आलेख काढा आणि या जनुकांचा ढग शून्यावर बसतोय का ते बघा. बसत नसेल तर थांबा. स्वतःचा प्रयोग करत असाल तर आरएनए काढतानाच ठरावीक प्रमाणात बाहेरचे नियंत्रक आरएनए मिसळा.

पायरी ७ : तुलना

प्रौढांसाठी सूत्र असं: लिंग, अधिक जोडी, अधिक लिंग आणि जोडी यांची परस्परक्रिया. शेवटचं पद सगळ्यात मोलाचं. जोडीमुळे होणारा बदल नरात आणि मादीत वेगळा आहे का, हे तेच सांगतं. वेगवेगळ्या अवस्थांच्या डेटासाठी लिंग, अवस्था आणि त्यांची परस्परक्रिया घ्या आणि परस्परक्रिया असलेलं व नसलेलं प्रतिमान यांची तुलना करणारी चाचणी वापरा. समायोजित पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी ही मर्यादा ठीक आहे. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचा डेटा एकाच सूत्रात कोंबू नका. एका प्रयोगशाळेकडे फक्त सर्केरिया आणि दुसरीकडे फक्त प्रौढ असतील, तर अवस्था आणि प्रयोगशाळा यांचा गुंता कोणत्याही दुरुस्तीने सुटत नाही.

पायरी ८ : प्रत्येक जनुकासमोर शब्द लिहा

*गुणसूत्र.* शिस्टोसोमाच्या मादीत झेडची एक प्रत कमी असल्याची भरपाई अपुरी असते. मादीकडे एकच प्रत असल्याने अशी बरीच जनुकं नरात जास्त दिसतात, पण दुप्पट होण्याइतकी नाही. दुपटीची मर्यादा लावून हा परिणाम पूर्ण जात नाही. प्रत्येक गुणसूत्रासाठी नर-मादी फरकाचा पेटी-आलेख काढा. सात पेट्या एका रांगेत आणि झेडची पेटी वर सरकलेली दिसली की कळतं. मी आणखी एक युक्ती वापरतो. सर्केरियात ना वृषण पिकलेले, ना जोडी जमलेली. एखाद्या झेड-जनुकाचा फरक सर्केरियापासून प्रौढापर्यंत साधारण तेवढाच राहत असेल, तर तो प्रतींच्या संख्येचा धरायचा. आणि एकटी मादी विरुद्ध जोडीतली मादी या तुलनेत गुणसूत्रं सारखीच असल्याने हा प्रश्न उद्भवतच नाही.

*ऊती.* गीसेनचा वृषण-अंडाशयांचा डेटा इथे कामी येतो. जनुक अख्ख्या नरात जास्त आहे आणि वृषणात त्याहून कितीतरी जास्त आहे, तर फरक वृषण असण्याचा. २०२० मध्ये प्रौढ कृमींच्या एकेक पेशीचा नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात पेशींचे ६८ गट वेगळे काढले आहेत. तुमचं जनुक कोणत्या गटात चालतं ते तिथे शोधा. कवच-जनुक पक्व मादीत हजारपट दिसलं तर 'जोडीने जनुक चालू केलं' असं लगेच लिहू नका. पीतक पेशींची संख्या वाढली, एवढंच ते सांगत असतं.

*जोडी.* जे जनुक एकाच लिंगात, जोडी जमल्यावर बदलतं आणि पेशींच्या संख्येने ज्याचा उलगडा होत नाही, ते या रकान्यात. ही यादी लहान असते, आणि मौल्यवानही.

किती मौल्यवान, हे २०२२ मध्ये दिसलं. डॅलसमधल्या जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने नराकडे लक्ष दिलं. मादीचं पिकणं समजून घेताना सगळे मादीची जनुकं पाहत होते, आणि निरोप तर नराकडून येत होता. एकट्या नरात मंद असलेलं आणि जोडी जमल्यावर जोरात चालणारं एक जनुक त्यांना मिळालं. रायबोसोमच्या मदतीशिवाय छोटी पेप्टाइडं जोडणारं एक विकर ते बनवतं. ते विकर बीटा-अॅलानाइन आणि ट्रिप्टामिन जोडून बीटा-अॅलानिल-ट्रिप्टामिन हा रेणू तयार करतं. नराचं हे जनुक बंद पाडलं तर त्याच्या कुशीतली मादी पिकत नाही. आणि प्रयोगशाळेत बनवलेला तोच रेणू नुसता बशीत टाकला, तर नर नसतानाही एकटी मादी पिकते आणि अंडी घालते. जोडीतल्या मादीची नराशी नुसती तुलना करून हे जनुक वेगळं उठून दिसलं नसतं. एकटा नर आणि जोडीतला नर शेजारी ठेवल्यावरच ते उघड होतं.

पायरी ९ : पडताळणी

यादीतून पाच-सहा जनुकं निवडा. क्यूपीसीआर करणार असाल तर संदर्भ-जनुक नर-मादी आणि एकटे-जोडीतले अशा चारही गटांत स्थिर आहे का हे आधी स्वतः तपासा. अॅक्टिन आणि जीएपीडीएच सवयीने घेऊ नका. त्यानंतर जनुक शरीरात नेमकं कुठे चालतं हे रंगवून बघा, कारण रंग वृषणात उमटला की चेतापेशीत, यावर तुमचा सगळा अर्थ अवलंबून आहे. कृमी जिवंत ठेवण्याची सोय असेल तर आरएनएआयने (जनुकाशी जुळणारा दुहेरी-पट्टी आरएनए देऊन) जनुक बंद करा. जोडीच्या प्रयोगात मात्र ते एकाच जोडीदारात बंद करायचं असतं. आधी नर आणि मादी वेगळे करा, नराला दुहेरी-पट्टी आरएनए द्या, मग ताजी एकटी मादी त्याच्याकडे सोडा. नियंत्रणासाठी दुसऱ्या बशीत असंबंधित आरएनए दिलेला नर. मादीची लांबी मोजा, पीतक ग्रंथी रंगवून बघा आणि दोन्ही बशांच्या तळाशी पडलेली अंडी रोज मोजत जा.